नसलेल्या ड्राइव्हचं ताट

आधीच सांगतो, मी कॉन्व्हेंटचा प्रॉडक्ट आहे. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर पोटात घाला.

मागच्या पावसाळ्यात लाखनीजवळ मामाच्या शेतावर मी पंपाचा कंट्रोलर बसवला. बांधीतलं पाणी कमी झालं की पंप चालू, भरलं की बंद. हॉस्टेलच्या टेबलावर मस्त चालायचा, पण शेतावर मधूनच पंप सुरूच होईना. ऐन रोवणीत मामा म्हणाला, "काय रे बाबू, तुझा डबा आज काहून रुसला?" सगळ्यांचं एकच निदान: वायर लूज असेल. तीनदा सोल्डरिंग केलं. फरक शून्य.

त्याच दिवसांत मला कमोडोर ६४ या १९८२ च्या घरगुती कॉम्प्युटरचा नाद लागला होता. त्याचा १५४१ नावाचा फ्लॉपी ड्राइव्ह म्हणजे गंमतच. त्याला स्वतःचा ६५०२ प्रोसेसर, २ केबी रॅम आणि १६ केबी रॉम. (आपल्याकडे १९८४ च्या 'क्लास' योजनेत शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले होते. त्यात फ्लॉपीचा कंट्रोलर कॉम्प्युटरच्याच बोर्डवर बसायचा.) म्हणजे १५४१ च्या रॉममध्ये बग असला, तर कॉम्प्युटर कितीही शहाणा असून उपयोग नाही.

आणि बग होता. जुन्या फाइलवर नवी फाइल त्याच नावाने सेव्ह करायची तर नावाआधी ॲटचं चिन्ह द्यायचं. ड्राइव्ह आधी नवी फाइल मोकळ्या जागेत लिहितो आणि मग जुनीची जागा सोडतो. कल्पना चांगलीच आहे. पण क्वचित फाइलच्या पोटात भलत्याच फाइलचा तुकडा निघायचा. ज्यांचं काम बुडालं ते ओरडायचे. ज्यांचं कधी बिघडलं नाही ते म्हणायचे, तुम्हीच काहीतरी चुकलात. हा वाद काही वर्षं चालला.

कारण समजायला आपली मेस आठवा. ड्राइव्हकडे २५६ बाइटची पाच ताटं, म्हणजे बफर. एक ताट कायम डिस्कच्या नकाशासाठी, म्हणजे कुठली जागा मोकळी आणि कुठली भरलेली त्याच्या नोंदीसाठी. उरली चार. आता हे सॉफ्टवेअर मुळात कंपनीच्या जुन्या दुहेरी ड्राइव्हवरून आलेलं. तिथे एकाच पेटीत ड्राइव्ह ० आणि ड्राइव्ह १ असायचे. १५४१ मध्ये १ नंबर नाहीच! तरी कमांडमध्ये नंबर लिहिला नाही, तर काही वेळा ते त्या नसलेल्या ड्राइव्हच्या नकाशासाठीही एक ताट मांडून ठेवायचं. पाहुणा येणार नाही, ताट मात्र अडलेलं. बदलून सेव्ह करताना डेटाला आणि डिरेक्टरीला अशी बरीच ताटं एकदम लागतात. ती कमी पडली की कुणाच्या तरी पुढ्यातलं ओढलं जायचं, आणि डिस्कवर चुकीचा मजकूर उतरायचा. आधी कुठल्या कमांड दिल्या यावर सगळं अवलंबून, म्हणून कुणाला दिसायचा, कुणाला नाही.

१९८५ मध्ये फिलिप स्लेमेकर यांनी कॉम्प्यूट! या अमेरिकी मासिकात हे उलगडून दाखवलं. उपाय हास्यास्पद वाटेल इतका सोपा: प्रत्येक कमांडमध्ये ड्राइव्हचा नंबर ० लिहायचाच. किंवा ॲटच्या नादी न लागता नव्या नावाने सेव्ह करून जुनी फाइल नंतर पुसायची. मला विचाराल तर मी दुसराच करीन.

हे वाचलं आणि मी सोल्डरिंग गन खाली ठेवली. माझा कोड कुठून आला होता? एका सीनियरच्या दोन पंपांच्या प्रोजेक्टमधून, कॉपी-पेस्ट! तो उघडला. दुसरा पंप चालू असेल तर पहिल्याने थांबायचं, अशी त्यात अट. माझ्याकडे दुसरा पंप नव्हता, पण त्याची पिन मोकळी लोंबकळत होती. मोकळी पिन शून्य वाचेल की एक, याचा काही नेम नसतो. टेबलावर शून्य वाचायची. शेतावर, पंपाच्या मोटरशेजारी, मधूनच एक वाचायची, आणि बिचारा पहिला पंप नसलेल्या दुसऱ्यासाठी थांबून राहायचा.

अकरा ओळी खोडल्या. मोकळी पिन रेझिस्टर लावून ग्राउंडला बांधली. तेव्हापासून पंप एकदाही अडला नाही. मामा मात्र आजही सुरू करायच्या आधी डब्यावर दोन टपल्या मारतो, आणि त्यामुळेच तो चालतो असं सगळ्या गावाला सांगतो.