चिनी तिकिटावरचा सोलापूरकर

माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढला की जुन्या लग्नपत्रिकांच्या तळाशी शाळेत असताना जमवलेली पोस्टाची तिकिटं हमखास सापडतात. सोलापूरच्या भवानी पेठेत दिवसभर मागाचा खडखडाट ऐकत वाढलेल्या कितीतरी पोरांनी हा नाद केलाय. त्या डब्यात चिनी अक्षरांचं एखादं तिकीट निघालं तर ते जरा बाजूला ठेवा. त्यावर आपल्याच गावचा माणूस असू शकतो!

१९८२ साली चीननं दोन तिकिटांचा एक संच काढला: एक ८ फेनचं, एक ७० फेनचं. (१०० फेन म्हणजे १ युआन.) एकावर चेहरा, दुसऱ्यावर तोच माणूस घोड्यावर. हा माणूस म्हणजे १० ऑक्टोबर १९१० ला सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनला मदत म्हणून भारतातून पाच डॉक्टर गेले, त्यांतले हे एक. नागपूरचे डॉ. चोळकरही त्याच पथकात होते. कोटणीस परत आलेच नाहीत. ९ डिसेंबर १९४२ ला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिकडेच गेले. तिकीट निघालं ते चाळिसाव्या स्मृतिवर्षाचं.

तिकिटावर ‘कोटणीस’ शोधत बसू नका. चीनमध्ये त्यांचं नाव ‘क तीहुआ’. ‘हुआ’ म्हणजे चीन. पाचही डॉक्टरांनी आपापल्या नावाला हे शेपूट जोडून घेतलं होतं. कोटणीसांच्या मुलाचं नाव तर ‘यिनहुआ’: ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. एवढ्याशा नावात दोन देश!

पण तिकीट चिनीच आहे हे ओळखायचं कसं? भिंग घ्या आणि देशाच्या नावातलं पहिलं अक्षर बघा. चौकोनातून वरखाली बाहेर निघालेली उभी रेघ असेल तर ते ‘चुंग’, म्हणजे चीन. चौकोनाच्या आत आडवी रेघ असेल तर ते जपान. तैवानच्या नावाची सुरुवातही ‘चुंग’नंच होते, म्हणून पुढची अक्षरंही ताडून बघावी लागतात. १९९१ पर्यंत चीनच्या तिकिटांवर ‘चीन जनता टपाल’ अशा अर्थाची सहा अक्षरं असत. १९९२ पासून ती चार झाली आणि जोडीला रोमन लिपीत ‘चायना’ आलं.

खरी गंमत मात्र तळाच्या बारीक छपाईत आहे, आणि मला चिनी तिकिटं आवडतात ती याच्यासाठी. तिकीट स्वतःची जन्मकुंडली अंगावर घेऊन फिरतं. १९७४ ते १९९१ च्या तिकिटांवर डाव्या कोपऱ्यात रोमन ‘जे’ असेल तर ते स्मारक तिकीट, ‘टी’ असेल तर विशेष विषयाचं. पुढे संचाचा क्रमांक, मग कंसात २-१ असं काहीतरी, आणि उजवीकडे साल. २-१ म्हणजे दोन तिकिटांच्या संचातलं पहिलं. एकूण संख्या आधी, आपला नंबर नंतर. १९९२ पासून सुरुवातीला साल आणि त्या सालातला क्रमांक आला, आणि ‘जे’, ‘टी’ कंसाच्या मागे गेले. त्याआधीच्या, सांस्कृतिक क्रांतीच्या काळातल्या काही तिकिटांवर क्रमांकच नाही. ती दिसली तर हात जपून लावा.

आता भाव. १९८० चं ८ फेनचं लाल पार्श्वभूमीवरचं माकड, चित्रकार हुआंग योंगयू यांचं, आज कोरं असेल तर एकेक नग लाखाच्या घरात जातो. म्हणूनच त्याच्या नकलाही बक्कळ. अस्सल माकडाचे काळे केस कोरीव छपाईचे, म्हणजे शाई किंचित उठलेली. तिकीट तिरपं धरलं की भिंगाखाली तो उठाव दिसतो. नक्कल सपाट असते. आणि साल बघायला विसरू नका, कारण १९९२, २००४ आणि २०१६ ची माकडं वेगळी आणि कितीतरी स्वस्त. १९६८ मध्ये ‘सारा देश लाल’ असं सांगणारं नकाशाचं तिकीट निघालं, त्यात तैवान लाल केलेलंच नव्हतं. ते लगेच परत मागवलं, पण तेवढ्यात काही विकली गेली होती. तीच आज सोन्याच्या भावाची.

पाठीला डिंक नाही म्हणून घाबरू नका. चीनची जुनी तिकिटं पुष्कळदा बिनडिंकाचीच निघत. डिंक शाबूत आणि वर नेटका शिक्का असं दिसलं, तर ते पत्रावर कधी चिकटलंच नव्हतं, संग्राहकांना विकायला टपाल खात्यानंच शिक्का मारून ठेवलेलं होतं. नव्वदच्या दशकातली तिकिटं इतकी भरमसाट छापली की त्यांतली बरीचशी आजही छापील किमतीलाच घुटमळतात.

मग कोटणीसांच्या जोडीचा भाव? किरकोळ. ती तिकिटं दुर्मीळ नाहीत, आणि कुणी हजारो रुपये सांगितले तर देऊ नका. भारतानं त्यांच्यावर तिकीट काढलं ते १९९३ मध्ये, १ रुपयाचं. म्हणजे चीननंतर अकरा वर्षांनी. ही तिन्ही तिकिटं एका पानावर लावली की सोलापूरकरानं अल्बममध्ये आणखी काय ठेवायचं? भैय्या चौकातलं त्यांचं घर आता स्मारक आहे, तिथेही एकदा जाऊन या.

एकच विनंती. डब्यात चीनहून आलेलं अख्खं पाकीट सापडलं तर तिकीट कापून किंवा पाण्यात भिजवून काढू नका. शिक्क्यावरची तारीख, गाव आणि पत्ता, सगळं तसंच राहू द्या.