इन्शुलिन, ताट आणि मैदान

सन १९२२ च्या जानेवारींत कॅनडांतील टोरोंटो शहरीं लेनर्ड टॉम्पसन या १४ वर्षांच्या मरणोन्मुख मुलास प्रथम इन्शुलिन टोचण्यांत आलें. तो पुढें १३ वर्षें जगला. तत्पूर्वीं अशा मुलांस जवळजवळ उपाशी ठेवण्यापलीकडे इलाज नसे.

इन्शुलिननें वजन वाढतें, हा दोष औषधाचा काय? नव्हे. पूर्वीं मूत्रावाटे जाणारी साखर आतां शरीराच्या उपयोगीं पडते. गरजेहून अधिक खाल्लेलें मात्र मेदरूपानें सांठतें. म्हणून कृश होण्याकरितां इन्शुलिन चुकविणें प्राणघातक होय. काट मारावी ती गोडधोड व तळणास. भाकरी-भात मोजका, उसळ व पालेभाजी भरपूर, आणि जेवणाची वेळ ठरलेली असावी.

व्यायाम नित्य करावा. परंतु त्यानें रक्तांतील साखर उतरते, यास्तव इन्शुलिनचें प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच ठरवावें. खेळतांना हात कांपूं लागले वा दरदरून घाम सुटला, तर खेळ थांबवून ३ लहान चमचे साखर पाण्यांतून द्यावी व १५ मिनिटांनीं रक्त तपासावें. शुद्ध हरपल्यास तोंडांत कांहींही न घालतां तात्काळ डॉक्टरांस बोलवावें.

विद्यार्थिमित्रहो, असा सोबती आपल्या वर्गांत असेल, तर त्याच्या सुईची थट्टा करूं नका. खिशांत थोडी साखर मात्र बाळगा.