निनावी मदरबोर्डाचं कूळ

लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत नव्वदच्या दशकात जोडून मिळणाऱ्या ‘असेम्बल्ड’ कॉम्प्युटरांत बहुतेकदा तैवानी मदरबोर्ड असे. त्यातल्या कित्येकांवर बनवणाऱ्याचं नावच नाही, आणि सोबतची पातळ पुस्तिका केव्हाच रद्दीत गेलेली. असा बोर्ड आज भंगारात हाती लागला, तर त्याचं कूळ कसं शोधायचं?

बोर्डावरची ठळक अक्षरं सहसा दिशाभूल करतात. ‘९४व्ही-०’ हा मॉडेल क्रमांक वाटतो. प्रत्यक्षात ती यूएल या अमेरिकी संस्थेची आगीला दाद न देण्याची श्रेणी, तीही ज्या कोऱ्या पाटीवर सर्किट छापलं तिची. बायोस चिपवरचं चकचकीत ‘एएमआय’ स्टिकरही तसंच: ती कंपनी बायोस लिहिणारी, बोर्ड बनवणारी दुसरीच.

म्हणून आधी आकार बघावा. लांब काळे सोळा बिटांचे आयएसए स्लॉट १९८४च्या आयबीएम एटीपासून चालत आलेले. त्यांच्या शेपटाला आणखी एक तपकिरी जोड असेल तर तो व्हेसा लोकल बस: बोर्ड १९९२ किंवा त्यानंतरचा, बहुधा ४८६ प्रोसेसरचा. आखूड पांढरे पीसीआय स्लॉट त्याच्या पुढचे, एजीपी १९९७पासूनचा. विजेचा जोड एका ओळीत बारा पिनांचा असेल तर एटी. दोन ओळींत वीस असतील तर एटीएक्स, म्हणजे १९९५ किंवा त्यानंतरचा. एटीच्या दोन्ही प्लगांच्या काळ्या वायरी मधोमध, एकमेकींना लागूनच यायला हव्यात. उलटं लावलं तर ओळख पटायच्या आत बोर्ड जळालेला असतो.

मग भिंग घ्यावं. बहुतेक चिपांवर चार आकडे असतात; ‘९४३२’ म्हणजे १९९४चा ३२वा आठवडा. त्यातला सर्वांत उशिराचा आकडा धरायचा, पण फक्त झाळलेल्या चिपांवरचा. सॉकेटमधली चिप नंतर कोणीही बदललेली असू शकते. सर्वांत मोठ्या चौकोनी चिपा म्हणजे चिपसेट. तिथे सिस कंपनीचा ‘८५सी४७१’ दिसला की ४८६ नक्की, आणि शोध एकदम आटोक्यात येतो.

या धंद्यात लबाडीही भरपूर झाली. १९९५च्या सुमारास काही स्वस्त ४८६ बोर्डांवर कॅश मेमरीच्या जागी आत काहीच नसलेल्या, नुसत्या प्लास्टिकच्या चिपा बसवल्या गेल्या. वर ऐटीत ‘राइट बॅक’ छापलेलं. बायोसही फितवलेला, त्यामुळे पडद्यावर कॅश दिसायची. ‘व्हीएक्स प्रो’ आणि ‘टीएक्स प्रो’ ही इंटेलच्या ४३०व्हीएक्स, ४३०टीएक्सच्या नावावर खपवलेल्या परक्या चिपसेटची नावं. तेव्हाच्या गिऱ्हाइकाला हे झोंबलं असणार. आपलं मात्र काम सोपं होतं, कारण असली सोंगं करणारे मोजकेच होते.

बोर्ड सुरू होत असेल तर सगळ्यात भरवशाचा पुरावा पडद्याच्या तळाशी, सुरुवातीच्या काही सेकंदांत. पॉजचं बटण दाबून तिथली बायोसची ओळ थांबवावी. अवॉर्ड बायोसच्या ओळीत तारखेमागून चिपसेटचा संकेत येतो (‘२ए५९आय’ म्हणजे इंटेलचा ४३०टीएक्स) आणि पुढे दोन अक्षरं उत्पादकाची: ‘ए०’ आसूस, ‘जी०’ गिगाबाइट. एएमआयच्या लांबलचक ओळीत उत्पादकाचा क्रमांक तिसऱ्या गटात असतो. मात्र बोर्डावर पिंपासारखी निकेल-कॅडमियमची बॅटरी असेल तर वीज देण्याआधी ती काढून टाकावी. ती फुटून पाझरते आणि आसपासच्या तांब्याच्या रेघा खाऊन टाकते.

एवढा खटाटोप कशासाठी? जंपरांसाठी, म्हणजे व्होल्टेज ठरवायला पिनांवर बसवतात त्या छोट्या टोप्यांसाठी. ४८६ डीएक्स२ साधारणपणे ५ व्होल्टवर चालतो, त्याच सॉकेटात बसणारा डीएक्स४ साडेतीनच्या आत. चुकीच्या पिनांवर टोपी बसली की प्रोसेसर गेला. ‘टोटल हार्डवेअर ९९’ या जुन्या संग्रहात अशा बोर्डांच्या जंपरांचे तक्ते आकृत्यांसह आहेत. नाव लागलंच नाही, तर स्लॉट, मेमरीच्या खाचा आणि जंपरांच्या जागा त्या आकृत्यांशी एकेक करून ताडत बसावं लागतं.