सॉस करायचाय? पुरणयंत्र काढा!
वीकएंडला साताऱ्याला किंवा सांगलीला घरी जाताय? मग येताना मंडईतले लालभडक टोमॅटो आणा आणि पास्ता सॉस घरीच करा. मिक्सर मात्र नको. त्यात बिया भरडल्या जातात, हवा शिरते आणि सॉस फिकट गुलाबी होतो. परदेशात यासाठी ‘फूड मिल’ वापरतात. फ्रान्समध्ये झां मांतले यांनी १९३२ मध्ये असं हातयंत्र काढलं, त्यातूनच पुढे ‘मुलिनेक्स’ कंपनी उभी राहिली. नीट पाहिलंत तर हे आपलं पुरणयंत्रच!

आता आजीचं पितळी यंत्र कितीही देखणं असलं, तरी ते पुरणपोळीलाच ठेवा. टोमॅटोचा आंबटपणा पितळेला लागला की सॉस कळकलाच. ॲल्युमिनियमही नको. सरळ स्टेनलेस स्टीलचं घ्या. साताऱ्याच्या मोती चौकात किंवा सांगलीच्या गणपती पेठेत खरेदीला निघाल, तेव्हा खिशात टोमॅटोच्या चार बिया ठेवा (दुकानदार हसेल, हसू दे!). बी जाळीतून खाली पडलं तर बारीक जाळी मागा. पातं जाळीला घासून फिरतंय ना, तेही बघा; मध्ये फट असेल तर गर नुसता गोल फिरत राहतो.

टोमॅटो आधी मऊ शिजवा. दांडा अधूनमधून उलटा फिरवा, चिकटलेली सालं सुटतात.