फोन म्हणतो ४९:४५, निकाल म्हणतो ५०:२१ : १० किलोमीटरच्या शर्यतीत खरा पर्सनल बेस्ट कोणता?

माझ्या फोनमधल्या अ‍ॅपनुसार १० किलोमीटरचा माझा पर्सनल बेस्ट आहे ४९ मिनिटं ४५ सेकंद. त्याच सकाळचा, त्याच धावण्याचा आयोजकांच्या निकालातला आकडा आहे ५० मिनिटं २१ सेकंद. फरक फक्त ३६ सेकंदांचा. ज्यांना धावण्याचं सोयरसुतक नाही त्यांना हसू येईल, पण आम्हा हौशी धावणाऱ्यांमध्ये निकाल लागला की पहिला प्रश्न असतो, "पन्नासच्या आत आलीस का?" आता उत्तर फोन बघून द्यायचं की निकाल बघून?

शर्यत नाशिकचीच, गंगापूर रोडवरची. आपल्याकडे थंडी पडली की शर्यतींचा हंगाम सुरू होतो. मविप्रची मॅरेथॉन, नाशिक रन, शिवाय कुठल्या ना कुठल्या मंडळाची पाच-दहा किलोमीटरची दौड. दर वेळी शर्यत संपल्यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच वाद पेटतो: "रूट जास्त होता, माझ्या फोनवर १०.१२ आलं!" दुसरा म्हणतो १०.०७, तिसरा ९.९६. सगळे एकाच रस्त्यावर धावले, मग रस्ता तीन लांबीचा कसा?

थेट उत्तर आधी देते. खरा आकडा ५०:२१. फोन मुद्दाम खोटं बोलत नाही, तो वेगळीच गोष्ट मोजतोय.

फोन अंतर मोजत नाही, अंदाज बांधतो

जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत एकच गोष्ट सांगत असतात: "मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजलेत." हा संकेत प्रकाशाच्या वेगाने येतो. तो किती वेळात पोहोचला यावरून फोन उपग्रहाचं अंतर काढतो. असे किमान चार उपग्रह लागतात. तीन तुमची जागा ठरवायला आणि चौथा फोनचं स्वस्तातलं घड्याळ दुरुस्त करायला, कारण वेळेत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरचा घोळ होतो.

एवढं सगळं करूनही मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन तुमची जागा साधारण पाच मीटरच्या आत सांगतो. गुगल मॅपवर सलूनचं दुकान शोधायला हे भरपूर झालं. धावण्यात मात्र गंमत होते. अ‍ॅप साधारण दर सेकंदाला एक ठिपका टाकतं आणि ठिपके रेषेने जोडत जातं. एक ठिपका दोन मीटर डावीकडे पडला, पुढचा मीटरभर उजवीकडे, की तुम्ही सरळ धावत असूनही नकाशावर नागमोडी रेघ उमटते. आणि वाकडी रेघ सरळ रेघेपेक्षा लांबच असणार. म्हणून सरळ रस्त्यावर फोनचा कल अंतर वाढवून सांगण्याकडे असतो. अ‍ॅप ही रेघ थोडी इस्त्री करून घेतं, पण पूर्ण सरळ होत नाही. उलट आखूड वळणावर दोन ठिपक्यांमधला कोपराच कापला जातो आणि अंतर कमी भरतं. कुणाच्या फोनवर ९.९६ येतं त्यामागे बऱ्याचदा हे असतं.

त्यात शहर. कॉलेज रोडसारख्या उंच इमारतींच्या भागात संकेत भिंतीवर आपटून, उशिरा फोनपर्यंत येतो. फोनला वाटतं उपग्रह लांब आहे, आणि तुमचा ठिपका जाऊन बसतो पलीकडच्या दुकानात. दाट झाडीखालीही संकेत अशक्त होतो.

नवे फोन इथे जरा बरे. जुने फोन जीपीएसची फक्त एल१ ही लहर (१५७५.४२ मेगाहर्ट्झ) ऐकायचे. २०१८ मध्ये शाओमीचा मी ८ हा एल५ (११७६.४५ मेगाहर्ट्झ) सुद्धा ऐकणारा पहिला फोन आला. एल५ च्या संकेताच्या खुणा दहापट बारीक असतात, म्हणजे सेंटीमीटरच्या पट्टीऐवजी मिलिमीटरची पट्टी हातात आल्यासारखं. त्यामुळे थेट आलेला संकेत कोणता आणि भिंतीवरून उसळून आलेला कोणता, हे फोनला चांगलं ओळखता येतं. इस्रोची नाविक प्रणालीही पहिल्यापासून एल५ वापरते. तुमच्या फोनला काय काय ऐकू येतं हे बघायचं असेल तर जीपीएसटेस्ट नावाचं फुकट अ‍ॅप टाका आणि गच्चीवर जा. कुठल्या देशाचा उपग्रह आहे ते झेंड्यासकट दिसतं. नाविकशेजारी तिरंगा बघायला छान वाटतं, एवढं मात्र खरं.

मग रस्ता १० किलोमीटर आहे हे कोण ठरवतं?

सायकल. चेष्टा नाही. रस्त्यावरच्या शर्यतीचा मार्ग मोजायची जगभर मान्य पद्धत आजही सायकलचीच आहे. पुढच्या चाकाला 'जोन्स काउंटर' नावाचं छोटं मोजयंत्र लावतात. आधी स्टीलच्या टेपने मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल चालवून एका किलोमीटरला किती आकडे पडतात ते ठरवतात, मग सगळा मार्ग फिरतात. मोजताना सायकल शक्य तितक्या आखूड रस्त्याने न्यायची, वळणावर कडेपासून फक्त ३० सेंटीमीटर अंतर ठेवून. वर ०.१ टक्का जादा धरायचा, म्हणजे मार्ग चुकूनही कमी भरू नये. दहा किलोमीटरला हे जादाचे दहा मीटर होतात.

आता सांगा, आपण त्या आखूड रेषेवर धावतो का? सुरुवातीला गर्दी चुकवायला डावीकडे, पाण्याच्या टेबलासाठी उजवीकडे, वळणावर बाहेरून. हे जादा मीटर तुम्ही खरोखर धावता. म्हणजे माझ्या १०.१२ मधले काही मीटर माझ्या पायांचे होते आणि काही फोनच्या ठिपक्यांचे. कुठले किती, हे वेगळं काढायचा सोपा मार्ग नाही.

अ‍ॅप इथे काय करतं ते बघा. स्ट्राव्हासारखं अ‍ॅप 'बेस्ट एफर्ट' काढताना त्या १०.१२ मधले सगळ्यात वेगवान सलग १०.०० किलोमीटर उचलतं. फोनच्या हिशेबाने मी फिनिशच्या कमानीआधी १२० मीटरवरच जिंकलेली होते! माझा फोनवरचा सरासरी वेग किलोमीटरला ४ मिनिटं ५८.५ सेकंद. या वेगाने १२० मीटरला लागतात ३६ सेकंद. तेच ते हरवलेले ३६ सेकंद.

याचा उलटा प्रकार त्याहून मजेशीर. फोनवर ९.९६ आलं तर अ‍ॅप १० किलोमीटरचा बेस्ट दाखवतच नाही, कारण त्याच्या लेखी तुम्ही दहा धावलाच नाहीत. म्हणून काही मंडळी मेडल गळ्यात घालून पार्किंगमध्ये चाळीस मीटरच्या फेऱ्या मारताना दिसतात. त्यांना हसू नका, पण त्यांच्यात सामीलही होऊ नका.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. छोट्या स्थानिक शर्यतींचा मार्ग सायकलने मोजलेला असेलच असं नाही. कुणी गाडीच्या मीटरवर मोजतो, कुणी मॅपवर. नाव नोंदवण्याआधी माहितीपत्रकात मार्ग प्रमाणित आहे का ते बघा. नसेल तर त्या वेळेची तुलना त्याच रस्त्यावरच्या मागच्या वर्षीच्या वेळेशी करा, मुंबई-पुण्याच्या शर्यतीशी नको.

छातीवरचा कागद आणि जमिनीवरची मॅट

वेळ मात्र जवळपास निर्विवाद असते. बिबच्या मागे जी चपटी पट्टी चिकटवलेली असते तो आरएफआयडी टॅग. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग ज्या तंत्रावर चालतो तेच हे तंत्र. टॅगमध्ये बॅटरी नसते. मॅटमधला अँटेना ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओ लहरी सोडतो, त्यांच्याच ऊर्जेवर टॅग क्षणभर जागा होतो आणि आपला नंबर सांगतो. स्टार्टच्या मॅटवर एक नोंद, फिनिशच्या मॅटवर दुसरी, दोन्हींची वजाबाकी म्हणजे तुमचा 'नेट टाइम'. 'गन टाइम' मात्र शर्यत सुटल्यापासून मोजतात. मी मागे उभी होते, स्टार्ट लाइनपर्यंत पोहोचायलाच २३ सेकंद गेले, म्हणून माझा गन टाइम ५०:४४. बक्षिसं बहुतेक ठिकाणी गन टाइमवर ठरतात. पर्सनल बेस्टसाठी नेट टाइम धरा.

या लहरी पाणी आणि धातूला घाबरतात, आणि माणूस म्हणजे बराचसा पाणीच. त्यामुळे बिब पाठीवर नको, छातीवर सपाट लावा. घडी घालू नका, वर फोनचा पट्टा किंवा जॅकेट येऊ देऊ नका. निकालात नाव न येण्याचं हे अगदी साधं कारण असू शकतं.

सावरपाड्याचा पर्सनल बेस्ट

नाशिकमध्ये १० किलोमीटरबद्दल बोलायचं आणि कविता राऊतचं नाव घ्यायचं नाही, हे शक्य नाही. हरसूल भागातल्या सावरपाड्याची ही मुलगी, म्हणून 'सावरपाडा एक्सप्रेस'. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने १०,००० मीटरमध्ये ब्राँझ जिंकलं, वेळ ३३:०५.२८. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तीच शर्यत ती ३१:५१.४४ मध्ये धावली आणि रौप्य मिळवलं. सुवर्ण भारताच्याच प्रीजा श्रीधरनला, वेळ ३१:५०.४७. दोघींमध्ये एक सेकंदही नव्हता.

तंत्राच्या नजरेने बघा: ट्रॅकच्या आतल्या लेनची एक फेरी ४०० मीटर, अशा २५ फेऱ्या, आणि वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. दोन महिन्यांतल्या या दोन वेळांमधला ७३.८४ सेकंदांचा फरक पूर्णपणे तिचा आहे, कारण दिल्ली आणि ग्वांगझूचा ट्रॅक एकाच मापाचा होता. त्या ०.९७ सेकंदाला अर्थ आहे तोही याच कारणाने. फोनची नुसती पाच मीटरची चूकच तिच्या वेगाने जवळपास एक सेकंद खाऊन टाकते.

मग फोन घरी ठेवायचा का?

अजिबात नाही. त्याचा कल ओळखून वापरायचा. पन्नास मिनिटं म्हणजे किलोमीटरला पाच मिनिटं, हा हिशेब रस्त्याचा झाला. माझा फोन दहाला १०.१२ सांगतो, म्हणजे १.२ टक्के जास्त. त्या फोनवर मला ५:०० नाही, ४:५६ दिसायला हवं, तेव्हा कुठे कमानीखाली पन्नास होतील. तुमच्या फोनचा कल काढायला एखाद्या मोजलेल्या शर्यतीची जुनी नोंद उघडा आणि भागाकार करा. नोंद ९.९६ ची असेल तर हिशेब उलटा होईल.

स्क्रीनवर या क्षणाचा पेस ठेवू नका. पाचच्या पेसने तुम्ही सेकंदाला ३.३ मीटर सरकता आणि फोनची चूकच काही मीटरची. फोन डॉप्लर परिणामावरूनही वेग काढतो, त्यामुळे आकडा अगदीच भरकटत नाही, तरी झाडाखाली ४:३० आणि पुढच्या चौकात ५:४० दिसतं. ते बघून वेग कमीजास्त करत बसलात तर दमाल. चालू लॅपचा सरासरी पेस बघा. त्याहून चांगलं म्हणजे रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाटीजवळ साध्या डिजिटल घड्याळाचं लॅप बटण दाबा. पाच किलोमीटरच्या पाटीला २५:००, आठच्या पाटीला ४०:००. एवढे दोन आकडे तळहातावर पेनाने लिहिले तरी पुरे.

गंगापूर रोडवर मात्र अगदी समान वेग धरू नका. गोदावरी धरणाकडून शहराकडे वाहते, म्हणजे जमीनही एकूणात शहराकडे उतरते. जाताना दोन-तीन सेकंद हळू गेलात तर घाबरू नका, येताना रस्ता ते परत देतो.

सेटिंगचं थोडक्यात. अ‍ॅपला 'प्रिसाइज लोकेशन'ची परवानगी द्या. बॅटरी सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपवरचे निर्बंध काढा, नाहीतर स्क्रीन बंद झाल्यावर काही फोन अ‍ॅपच झोपवून टाकतात आणि नकाशावर दोन किलोमीटरची सरळ रेघ मिळते. शर्यतीत ऑटो-पॉज बंद, कारण तुम्ही पाणी प्यायला थांबलात तरी मॅटचं घड्याळ थांबत नाही. स्टार्टच्या पाच-दहा मिनिटं आधी मोकळ्या जागेत अ‍ॅप उघडून ठेवा. नेटवर्क असेल तर फोन उपग्रहांची माहिती मोबाइल डेटावरून चटकन घेतो, पण शर्यतीच्या गर्दीत नेटवर्क अडलं तर तीच माहिती थेट उपग्रहाकडून घ्यायला प्रत्येकी अर्धं मिनिट तरी लागतं.

आणि निकाल लागला की त्याच दिवशी पानाचा स्क्रीनशॉट किंवा पीडीएफ घेऊन ठेवा, बिब नंबर आणि नेट टाइम दिसेल असा. पुढच्या वर्षीच्या शर्यतीची वेबसाइट आली की मागच्या निकालाची लिंक बरेचदा चालत नाही.