झिजलेले कोपर आणि हातावरचे पोट

गुडघेबदल आता इतका सर्रास झाला आहे की सांधा झिजला म्हणजे तो बदलायचा, असे समीकरणच रूढ झाले आहे. कोपराला ते लागू पडत नाही, आणि ज्याचे हातावर पोट आहे त्याच्या कोपराला तर मुळीच नाही. कोपराची झीज तशी विरळा. ती बहुधा अंगमेहनत करणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांत, तीही कामाच्या हातात दिसते. यात कूर्चा बरीचशी शाबूत असते. छळतात ती सांध्याच्या पुढच्या-मागच्या कडांवर वाढलेली हाडे. हात पुरता ताणताना किंवा दुमडताना हाडावर हाड आपटते. मधल्या टप्प्यात हात बिनतक्रार चालतो. गवंड्याला थापी मारताना काही वाटत नाही, पण भरलेली बादली सरळ हाताने उचलली की कळ निघते.

म्हणून वाढलेले हाड छाटणे, सुटे तुकडे काढणे आणि आखडलेले आवरण मोकळे करणे, एवढ्यावर बहुतेकांचे भागते. काशिवागी या जपानी शल्यविशारदांनी दंडाच्या हाडातल्या खाचेला आरपार भोक पाडून मागूनच पुढच्या बाजूला पोहोचण्याची वाट दाखवली. आज हेच काम पुष्कळदा दुर्बिणीतून होते. दुखणे कमी होते, हालचाल साधारण वीसेक अंशांनी वाढते. वीस अंश म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण रोजची बहुतेक कामे ३० ते १३० अंशांच्या टप्प्यात होतात, हे मॉरी या शल्यविशारदांनी १९८१ मध्ये मोजून दाखवले. ११० अंशांवर अडलेल्या हाताला घास तोंडाशी नेताना मान पुढे करावी लागते. हात फारच कमी दुमडत असेल, तर करंगळीकडे जाणारी नस त्याच वेळी मोकळी करावी लागते. नाहीतर वाढलेल्या हालचालीने तीच ताणली जाते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. गुडघ्याच्या झिजेत दुर्बिणीने केलेली सफाई लटक्या शस्त्रक्रियेहून सरस ठरली नाही, हे २००२ मध्येच दिसले. मग कोपरात तिच्यावर भरवसा का? इथला पुरावा मुख्यतः रुग्णमालिकांचा आहे, हे मान्यच. पण गुडघ्यात दुखण्याचे मूळ बहुधा सांधाभर पसरलेले असते, कोपरात ते टोकाला अडणाऱ्या हाडात असते आणि तेवढे काढता येते. काही वर्षांनी हाड पुन्हा वाढलेले एक्स-रेमध्ये दिसते, मात्र तेवढ्याने दुखणे परततेच असे नाही. उलट कृत्रिम कोपर बसवले की एका वेळी सुमारे ५ किलोंहून जड काही उचलायचे नाही, हे बंधन जन्मभराचे. सांधेवाताने जर्जर झालेल्या वृद्धेला ते चालते. सिमेंटची गोणी उचलणाऱ्याचा रोजगारच त्यात बुडतो. मधल्या टप्प्यातही आणि रात्री झोपेतही कोपर ठणकत असेल, तर कूर्चाच गेली असण्याची शक्यता मोठी. तिथे नुसत्या छाटणीने फारसे हाती लागत नाही.