शब्दाचा अर्थ शेजारच्या शब्दांत

‘महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४’ने मराठीस राज्यकारभाराच्या भाषेचे स्थान दिले. तरीही ग्रामपातळीपर्यंत इंग्रजीशी गाठ पडण्याचे प्रसंग टळत नाहीत. उच्च न्यायालयाचे आदेश इंग्रजीत असतात. केंद्र शासनाच्या योजनांची मार्गदर्शक तत्त्वे अनेकदा प्रथम इंग्रजीतच हाती येतात. अशा एखाद्या पत्रात ‘अबेयन्स’ हा शब्द येतो आणि वाचणारा थबकतो. मंजूर काम रद्द झाले, की केवळ थांबले? ग्रामपंचायतीच्या दृष्टीने या दोहोंत फार मोठे अंतर आहे.

शब्दकोश जवळ असावा, हे खरेच. परंतु कोश एका शब्दाचे चार-पाच अर्थ देतो. त्यांतील प्रस्तुत कोणता, हे वाक्यच सांगू शकते. ‘सॅन्क्शन’ म्हणजे खर्चास मंजुरी, हे कार्यालयातील कोणासही ठाऊक असते. तोच शब्द परराष्ट्रविषयक वृत्तात आला, की त्याचा अर्थ निर्बंध असा होतो, म्हणजे जवळजवळ उलट! शब्द तोच, सोबत वेगळी.

आता ‘अबेयन्स’कडे वळू. वाक्य असे आहे, असे समजा: ‘द ऑर्डर इज केप्ट इन अबेयन्स टिल द अपील इज डिसायडेड.’ यातील ‘टिल’ हा साधा शब्द आपल्या परिचयाचा आहे. त्याचा अर्थ ‘पर्यंत’. अपिलाचा निर्णय होईपर्यंत आदेशाचे काहीतरी केले आहे. रद्द झालेली गोष्ट अमुक वेळेपर्यंत रद्द राहत नाही. ती कायमची जाते. शिवाय ‘केप्ट’, म्हणजे ठेवला आहे. तेव्हा आदेश स्थगित आहे, मेलेला नाही. कठीण शब्दाची किल्ली बहुधा अशा लहान, दुर्लक्षित शब्दांतच असते.

‘बट’, ‘अनलाइक’, ‘व्हेअरअ‍ॅज’ हे विरोधदर्शक शब्दही तसेच उपयोगी. पहिला अहवाल ‘व्हर्बोस’ होता, ‘बट’ दुसरा संक्षिप्त होता, असे वाचले की ‘व्हर्बोस’ म्हणजे पाल्हाळिक, हे वेगळे सांगावे लागत नाही. उदाहरणांवरून अर्थ काढताना मात्र सावध राहावे. ‘पेरेनियल क्रॉप्स, सच अ‍ॅज मँगो अँड कोकोनट’ एवढ्यावरून कोणी ‘फळपिके’ असा तर्क केला, तर त्यास दोष देता येणार नाही. पुढील वाक्यात ही पिके दरवर्षी लावावी लागत नाहीत असे आले, म्हणजे ‘बहुवर्षायू’ हा खरा अर्थ उघड होतो. एका वाक्यावर थांबू नये, ते यासाठी.

कायद्याच्या भाषेत ही पद्धत अधिक फलदायी ठरते, कारण तेथे व्याख्या दिलेल्या असतात. संविधानाच्या २४३ व्या अनुच्छेदात ‘ग्रामसभा’ म्हणजे काय, हे सांगितले आहे: गावाच्या ‘इलेक्टोरल रोल्स’मध्ये नोंदलेल्या व्यक्तींची मिळून बनलेली संस्था. ग्रामसभा कशी भरते हे जाणणाऱ्या पंचायत सदस्यास ‘इलेक्टोरल रोल्स’ म्हणजे मतदारयाद्या, हे ओळखण्यास कोशाची गरज नाही. विशेष म्हणजे, संदर्भामुळे वेगळा अर्थ आवश्यक नसेल तरच या व्याख्या लागू होतात, असे तोच अनुच्छेद आरंभी सांगतो. संदर्भाचा अधिकार संविधानानेही मान्य केलेला आहे.

याउलट, शब्दाचे तुकडे पाडून अर्थ लावण्याची सवय कधीकधी अंगाशी येते. ‘नॉटविथस्टँडिंग’मध्ये ‘नॉट’ दिसतो म्हणून तो नकार समजू नये. मराठी अधिनियमांत त्या जागी ‘काहीही अंतर्भूत असले तरी’ अशी रचना येते. ‘प्रोव्हायडेड दॅट’चा पुरवठ्याशी संबंध नाही, तेथून अपवाद किंवा अट सुरू होते, आणि मराठी पाठात नुसते ‘परंतु’ असते. अनेक राज्य अधिनियम दोन्ही भाषांत उपलब्ध आहेत. ते शेजारी ठेवून वाचणे हा उत्तम आणि बिनखर्चाचा अभ्यास होय.

शिक्षकांनी या पद्धतीची मर्यादाही ओळखावी. अमेरिकेतील नॅगी, अँडरसन व हर्मन यांच्या १९८७ मधील अभ्यासात, सहज वाचनात एकदाच भेटलेला अपरिचित शब्द विद्यार्थ्याच्या पदरी पडण्याची शक्यता सुमारे २० त १ आढळली. हू व नेशन यांनी २००० मध्ये दाखवले, की मजकूर स्वबळावर नीट समजण्यासाठी त्यातील सुमारे ९८ टक्के शब्द आधीच ठाऊक असावे लागतात. म्हणजे ५० शब्दांत एखादाच नवा. ओळीत चार शब्द अडणाऱ्या मुलास ‘संदर्भावरून ओळख’ असे सांगणे व्यर्थ आहे. भारतीय शिक्षण सेवेत ढाक्यास असलेले मायकेल वेस्ट यांनी बंगाली मुलांची हीच अडचण हेरून दुर्मीळ शब्द गाळलेली, नवे शब्द विरळ पेरलेली वाचनमाला तयार केली. १९५३ मधील त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची यादी भाषाशिक्षणात आजही उल्लेखिली जाते. प्रथम सोपे पुष्कळ वाचणे, मग तर्क, हा क्रम उलटवून चालत नाही.

कार्यालयात मात्र तर्कावर सही करू नये. पैसा, मुदत किंवा कोणाचा हक्क गुंतलेला असेल, तेथे आपला तर्क पेन्सिलीने समासात लिहावा आणि भाषा संचालनालयाच्या ‘शासन व्यवहार कोशा’शी तो ताडून पाहावा. दोन्ही जुळले नाहीत, तर वरिष्ठ कार्यालयाकडून लेखी खुलासा मागवावा.